बिस्मथचा थर

पाषाणच्या लॅबमध्ये रात्रीचे अकरा.
बीकरात टार्टारिक आम्ल, चिंचेतलंच,
ज्यानं अण्णा तांबट आळीत
हंडे उजळायचे.

करंट जरा चढला
की काळी भुकटी धरते.
सहावी चकती फुकट गेली.
सातवी, करंट मंद ठेवून:
राखाडी, किंचित गुलाबी.

फोनवर अण्णा: जाड किती?
तीन मायक्रॉन.
कल्हईहून पातळ? झिजेल की!

घासणार कोण, अण्णा?
कुठून तरी एक क्ष-किरण येईल,
थरात अडकेल,
थर तापेल, केसभरही नाही,
तेवढंच मोजायचं.

ते गप्प. मग म्हणाले,
चटका किती, ते आम्हाला बोटांना कळायचं.

चिमट्यात धरून
चकती धुते आहे मी.
बोटं हातमोज्यात.