चाळीस शिंपले, ओल्या पोत्यात

एप्रिलात कृष्णा उतरली की
गोजरा आत्या लुगडं खोचून मांडीभर पाण्यात शिरते,
अंगठ्यानं गाळ चाचपत.
डोळे मात्र पलीकडच्या काठावर.
शिंपला डोळ्याला घावत नाही, म्हणते,
पायाला कळतो.

मी सांगलीच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये शिपाई.
उपाध्ये मॅडमना चाळीस हवे होते, जिवंत,
हरिपूरच्या संगमाच्या अलीकडचे.
आत्यानं मोजून दिले, पैसे घेतले नाहीत.
"साळंचं काम हाय," म्हणाली,
जसा मी अजून पाटी घेऊन जातो.

पोरींच्या हातून सुरी घसरते,
म्हणून उघडायचं काम माझं.
टोक फटीत घालायचं, आतला स्नायू कापायचा,
मग तो स्वतःच सैल पडतो.
राखाडी, ओला गोळा. डोकं नाही, दात नाहीत.
नदी एका बाजूनं आत घ्यायची,
दुसऱ्या बाजूनं सोडायची,
मधलं ठेवून घ्यायचं,
एवढाच धंदा जन्मभर.
ठेवू नये तेही राहतं.

ओव्हनला दोन दिवस. मग खल. मग ॲसिड.
तपकिरी धूर निघाला की मी पंखा लावतो.
बाहेर कॅन्टीनमध्ये वडे तळत असतात,
दोन्ही वास जिन्यात भेटतात.

कोल्हापूरहून आकडे आले.
शिसं. जस्त. कॅडमियम.
मॅडमनी एका आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली,
खोडली,
मग पेननं मारली.

तुलनेला चांगल्या पाण्यातले लागतात.
कराड, सातारा, वाई, तीन एसट्या बदलून
वाईच्याही वर गेलो,
डबा भरून आणले, मांडीवर धरून.
शिंपल्याच्या पाठीवर रेघा असतात,
उन्हाळ्याला एक.
वाईच्यांच्या रेघा ऐसपैस, नांगरटीसारख्या.
आमच्यांच्या शेवटच्या चार
इतक्या खेटून
की नखाला वेगळ्या लागत नाहीत.

आत्यानं वाईचा एक तळहातावर घेतला,
खाली-वर केला.
"ह्याला वजन हाय की रं.
आपलं हलकं झाल्यात, दोन-तीन वर्सं झाली.
मला वाटलं माझाच हात म्हातारा झाला."

मी आकडा सांगितला.
"म्हंजे किती? चिमूटभर?"
चिमूटभरही नाही.
"मग?"
त्या मग-ला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
लॅबच्या फळ्यावर असतं, तिथं ते बरोबर वाटतं.

तिचा मल्हारी प्लेटिंगच्या शेडमध्ये आहे.
सायकलींचे हँडल चकचकीत करतो,
इतके, की त्यात स्वतःचं तोंड
लांबट दिसतं.
जेवताना विचारलं, टाकीचं पाणी कुठं सोडता?
"मागं."
मागं म्हणजे?
"मागंच."
आत्यानं त्याच्या ताटात भाकरी वाढली.
त्याच्या पगारावर घराला स्लॅब पडलाय,
मीही त्या स्लॅबखाली बसून जेवत होतो.
पाण्याला मागं नसतं,
त्याला फक्त पुढं असतं, आणि पुढं आम्ही.
हे मी बोललो नाही. आमटी चांगली झाली होती.

मॅडम सांगतात, शिंपला ओळखतो.
धातू आला की मिटून घेतो.
पण श्वास किती धरणार?
एक दिवस, दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी उघडतो
आणि असेल ते पितो.

वाईचे अकरा उरले.
परत सोडायला तीन एसट्या.
आत्या म्हणाली, कांदा-खोबरं लावून करू.
मी म्हटलं, राहू दे जरा,
आणि घरी नेऊन बादलीत घातले,
नळाचं पाणी ओतलं.

अकराही मिटले, एकदम,
वर्गात साहेब आल्यावर पोरं गप्प होतात तसे.
क्लोरीनमुळं असेल.
मी बादली उन्हातून सावलीत ओढली.
दोनदा पाणी बदललं, त्याच नळाचं.

आज दुसरा दिवस आहे.