आवाज न करणारं कापड

इशबेल जॅकेट काउंटरवर टाकते
आणि म्हणते, "हे बोलतं."
मी बाहीवर बाही घासून बघते.
खरंच. चिप्सची पुडी फोडावी तसं.
"ससा दोनशे पावलांवरून ऐकतो," ती म्हणते,
"मी कॅमेरा उचलेपर्यंत त्याची पाठ."

ग्रँटाउनच्या हाय स्ट्रीटवर, खाटकाच्या शेजारी,
माझं दुरुस्तीचं दुकान.
झिपा, तुरपई, मेणाचा हात.
खटावकर कुणाला म्हणता येत नाही,
म्हणून सगळ्या गावाची मी झिपवाली.

कपड्यावरून मला माणूस कळतो.
कोपर विरलेलं, म्हणजे पालथा पडून राहणारा.
डावा खांदा चकाकतोय, तिथे तिवई टेकते.
खिशात ओटकेकचा भुगा, हा धीराचा.
खिशात नुसत्या पार्किंगच्या पावत्या,
हा गाडीपासून लांब जात नाही.
इशबेलच्या खिशात एकदा सापडला
पांढऱ्या केसांचा पुंजका,
तिने तो परत मागून घेतला.

मी वेल्क्रो उसवून काढलं. ते तर किंचाळतंच.
शिंगाची बटणं लावली, काजं सैल ठेवली
मोजे घातलेल्या बोटांना सापडतील अशी.
वरचं करकरणारं कापड काढून
जाड, मऊ लोकरीचं बेतलं, आत पाणी अडवणारा पदर.
छातीशी एक चोरखिसा, माझ्या जुन्या गाऊनच्या फ्लॅनेलचा,
कारण थंडीत बॅटरी मरते,
तिला तान्ह्या पोरासारखी अंगाची ऊब लागते.

फेब्रुवारीत ती दुकानात आली.
"चला, तुम्ही शिवलेलं ऐकायला."
आणि तिचं दुसरं जॅकेट माझ्या अंगावर चढवलं,
तेही मीच दुरुस्त केलेलं.
सोळा वर्षं मी या डोंगराचे कपडे शिवतेय,
डोंगरावर गेले नव्हते.

वारा असा, की शिवण न् शिवण तपासून बघत होता.
माझी एकही उसवली नाही.
फक्त पायमोजे सुती घातले होते, घरातले.
शिंपिणीची अक्कल घोट्याच्या वरच.
तासाभरात बोटं कुणाची तरी दुसऱ्याची झाली.

तीन तास आडव्या पडून.
इशबेल एकसष्ट वर्षांची, गुडघा दुखरा,
पण दगडाला शेवाळ धरावं तशी पडलेली.

मग तो दिसला.

बर्फ यंदा आलाच नव्हता.
करड्या, तपकिरी झुडपांत तो पांढराशुभ्र,
चुकीच्या तारखेला नटूनथटून
लग्नघरी पोचलेल्या पाहुण्यासारखा.
त्याचा शिंपी दिवस मोजून कापड देतो,
खिडकीबाहेर बघत नाही.
ना काज, ना झिप.
उकडलं, नडलं, लाज वाटली तरी
काढून हातावर टाकायची सोय नाही.
माझ्याकडे आणला असता
तर मी काय केलं असतं?
रंगवून दिला असता? माप घेतलं असतं?

इशबेलने बटण दाबलं. पुन्हा दाबलं.
तो कान फिरवून बसला, आमच्याकडे न बघता.
जॅकेट गप्प होतं.
सोळा वर्षांत माझं इतकं चांगलं काम झालं नव्हतं.

तेव्हाच मला वर दिसला, फार वर,
ढगाला टाचणी टोचावी तसा एक ठिपका.
तो गोल फिरत होता.
प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा लहान.

इशबेलचा डोळा कॅमेऱ्यात.
शुक् शुक् करायला माझे ओठ वळेनात.
मी बाहीवर बाही घासली.
मग जोरात घासली.

काही आवाज झाला नाही.
चांगलं शिवलं होतं.