काटा सहावर

पाषाणला, तळ्याच्या मागच्या अंगाला साधं बैठं घर.
शिरगोपीकर म्हणाले, फरशी गरम करायची आहे, खालून, पाण्यानं.
मी म्हटलं, साहेब, पुण्यात?
एप्रिलात लोक फरशीवर पाणी मारून झोपतात.
ते काही बोलले नाहीत. आतलं दार थोडं लोटलं.

पोरगी होती. अकरा वर्षांची. पालथी, कोपरांवर.
उभी राहत नाही, आई म्हणाली, राहणारही नाही.
खुर्चीत बसवली की रडते.
हिला जमीनच लागते.
सतरंजी, गादी, सगळं करून झालेलं;
ती सरकत सरकत गादीबाहेर येते
आणि डिसेंबरातल्या कोट्याला गाल लावून पडते,
ओठ निळे होईपर्यंत.

तीस वर्षं मी पाणी भिंतीत घालतोय.
कुठे ओल आली की रात्री अकराला फोन:
अहो दुधाणे, तुमचं पाणी बाहेर आलंय.
माझं पाणी. जसं काही मीच झरतोय.
आणि आता मुद्दाम, जमिनीखाली,
साडेतीनशे फूट, मधे एकही जोड नको.

बोहरी आळीत पाइप मागितला तर तीन दुकानांत हसले,
चौथ्यानं वहीत लिहून घेतलं.
फरशी उखडली, थर्मोकोल घातला, वर चंदेरी कागद, जाळी.
इरफान म्हणाला, चकलीसारखा जाऊ द्या, पण दुहेरी,
गरमाच्या शेजारून गार परत आलं पाहिजे,
म्हणजे कुठे चटका नाही, कुठे गारठा नाही.
हे त्याला कुणी शिकवलं, विचारायचं राहिलं.
रात्री गुडघे बोंबलत होते.

मग दाब. पाणी भरलं, हवा काढली,
काटा सहावर आणून ठेवला आणि घरी आलो.
जेवताना बायको म्हणाली, कुठे आहात?
म्हटलं, सहावर.

पहाटे गेलो. सहाला एक रेघ कमी.
थंडीनं तेवढी उतरते. तरी बॅटरी घेऊन
पोटावर पडलो आणि सगळा पाइप हातानं चाचपत गेलो.
दारातून पोरगी बघत होती, तशीच, पोटावर.
बराच वेळ आम्ही दोघं एका उंचीवर होतो.

माल टाकायच्या आधी चौकटीपासूनची मापं लिहून दिली:
इथे खिळा नाही, ड्रिल नाही, कधीच नाही.
आईनं तो कागद गॅसच्या पुस्तकात ठेवला.

पुढे महिनाभर शिरगोपीकरांचे फोन: थंडी पडली हो.
म्हणायचो, पडू द्या. आत्ता तापवलं तर तडे जातील.

सतरा जानेवारी, सकाळी आठ.
गच्चीवर आदल्या दिवशीचं ऊन साठवलेली टाकी,
पंप, पस्तीस अंशांवर बांधलेलं पाणी.
चालू केलं.
काहीच झालं नाही.
आवाज नाही, वाफ नाही. नळ सोडला की निदान धार तरी दिसते.
चहा झाला, दुसरा झाला.
ते दोघं तळवे टेकवून एकमेकांना विचारत होते, लागतंय का?
मी मोजे काढून भिंतीशी उभा.

सव्वाअकराला टाचेला काहीतरी कळलं.
बोललो नाही, कारण पोरगी निघाली होती,
सतरंजी मागे टाकून, कोपरांवर,
खोलीच्या मधोमध, जिथे पाइप वळून माघारी फिरतो.
तिथे गाल टेकवला. ऐकत असल्यासारखी राहिली.
उचललाच नाही.
आई स्वयंपाकघरात गेली. भांडं पडल्याचा आवाज आला,
मग बराच वेळ कसलाच नाही.

बाराशे यायचे राहिलेत. बसस्टॉपवर आठवलं.
आणि हेही, की मोजे तिथेच राहिले.