एकच इंजिन

देवास नाक्यावर, जुन्या टायरांचा ढीग संपतो तिथे
आमचं गॅरेज. आणि समोर उभ्या
राऊच्या रोपवाटिकेच्या वैजयंतीबाई लांभाते,
विचारतायत: व्हॅन घेऊ का पिकअप?
दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्ही सेकंडहँड,
दोन्ही पांढऱ्या. म्हणजे होत्या कधीतरी.

मी म्हटलं, बाई, इंजिन एकच आहे.
तोच पंप, तीच क्लचप्लेट, तोच गिअरबॉक्स,
तिसऱ्यात टाकताना तीच खर्जातली कुरकुर.
फरक एवढाच, की पिकअपचं इंजिन नाकात आहे
आणि व्हॅनचं पोटात.

पिकअपचं बॉनेट उघडलं की उभ्यानं काम होतं.
उजेड वरून येतो. पाना पडला तर जमिनीवर पडतो.
व्हॅनमध्ये दोन सीटांच्या मधलं झाकण काढायचं,
गुडघे ड्रायव्हरच्या सीटवर, कपाळ डॅशबोर्डला,
आणि दहा नंबरचा पाना एकदा का आत निसटला
की तो पुढच्या मालकालाच सापडतो.
गेल्या वर्षी मला असे तीन मिळाले.
एकही माझा नव्हता.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाल्या, आणि झाडांचं काय?

झाडांचं मला काय कळतंय.
तरी सांगितलं: पिकअपला हौदा, वर आभाळ.
अशोकाचं दहा फुटी रोप उभंच्या उभं जातं.
पण मे महिन्यात, बायपासला, साठच्या वेगात
वारा पानं चघळून टाकतो;
खजराण्याला पोचेपर्यंत उरते काठी
आणि पावती.
व्हॅनमध्ये वारा नाही, पण पत्रा तापतो,
आणि उंच झाड असलं तर आडवं घालायचं,
आजाऱ्यासारखं, मागच्या दारातून पाय बाहेर,
पायाला लाल फडकं.

त्या म्हणाल्या, चालवून बघते.
सोबत भेरूलाल, त्यांचा माळी, साठी उलटलेला,
पौषातली सकाळ, मफलर कानावरून दोनदा फिरवलेला.
आधी पिकअप नेली. रिंगरोडनं एक फेरी.
अर्ध्या तासात परत. बाई खुशीत:
आरशात मागचं सगळं दिसतं हो!
भेरूलाल काही बोलला नाही. हात काखेत.
मी मनात म्हटलं, सुटलो.

मग व्हॅन.
पाऊण तास झाला, तास झाला.
मालक आतून ओरडला, भिया, ले गई क्या?
मी म्हटलं, बंद पडली असणार,
आणि पाने गोळा करू लागलो.

आल्या तेव्हा भेरूलाल पुढच्या सीटवर
दोन्ही तळवे त्या झाकणाला टेकवून झोपलेला,
तोंड उघडं, मफलर मांडीवर.
झाकणावर कागदात गुंडाळलेले पोहे,
राजवाड्याजवळ घेतलेले, माझ्यासाठी.
तासाभरापूर्वीचे. अजून गरम.
शेव मात्र मऊ पडली होती.

हीच, बाई हळू आवाजात म्हणाल्या,
तो जागा होऊ नये म्हणून.
मी म्हटलं, बाई, सर्व्हिसिंगला त्रास आहे.
कोणाला?
मला.
मग त्या जोरात हसल्या आणि तो जागा झालाच.

पिकअप महिनाभर उभी राहिली,
हौद्यात कबुतरं. शेवटी एका डीजेवाल्यानं नेली,
चार स्पीकर उभे बांधून,
आणि जाताना अख्खा देवास नाका थरथरवला.
तेच इंजिन, पण ऐकू कुठे येत होतं.

चैत्रात व्हॅन पहिल्या सर्व्हिसिंगला आली.
सीटच्या रुळात माती, कडीपत्त्याचं एक पान,
मागच्या दाराला ते लाल फडकं, ऊन खाऊन गुलाबी झालेलं.
गुडघे सीटवर टेकवले, झाकणाला हात घातला,
तर झाकणावर स्टीलचा डबा, रबरबँड लावलेला,
वर चिठ्ठी: तुमचा आहे. शेव वेगळी दिली आहे.

डबा उचलून डॅशबोर्डवर ठेवला.
झाकण काढलं. वाफ चेहऱ्यावर आली.
दहा नंबरचा त्या दिवशीही निसटला.
दोन-तीनदा खडखडला, मग गप्प.
राहू दे, म्हटलं.
सापडेल कुणाला तरी.