खिडकी क्रमांक चार

नाझनीन मुकादमने कागद पुढे सरकवला.
क्षमता-आराखडा. बावीस ओळी, चार रकाने:
माहीत आहे, देखरेखीखाली जमतं,
एकटीला जमतं, दुसऱ्याला शिकवू शकते.

एकोणीस वर्षं कुर्ल्याच्या या खिडकीत मी,
आणि माझ्याच हाताखाली शिकलेली पोर
मला पेन देतेय.

साठा मोजणं, चार. मुदत तपासणं, चार.
शीतपेटीचं तापमान दिवसातून दोनदा...
तीन. शनिवारी मी अंदाजाने लिहिते.
तिने मान वर केली नाही. बरं वाटलं.

वाचता न येणाऱ्याला सकाळच्या गोळीवर
सूर्य काढून देणं,
ही ओळच नव्हती. समासात लिहिली.

मग सतरावी: स्वतःची चूक नोंदवते.

मेटफॉर्मिनच्या जागी मेट्रोनिडाझोल.
गर्दीसुद्धा नव्हती. दोन हजार तेराचा एक मंगळवार.
बाई फाटकापर्यंत पोचली होती.
अनवाणी धावले, पाकीट बदललं,
म्हणाले, "ताई, हे नवीन आलंय."
तेव्हापासून ती दोन खोकी वेगळ्या फळ्यांवर.
का, ते कुणी विचारलं नाही.

कुणीतरी नाण्याने काच वाजवत होतं.

एक, मी लिहिलं. नुसतं माहीत आहे.

"फळ्यांचं मी कधीपासून विचारणार होते,"
नाझनीन म्हणाली. कागद उलटा केला,
कोऱ्या बाजूला तारीख घातली.
"सांगा, मी लिहिते.
नव्या पोरांना मात्र तुम्हीच सांगायचं."

"आले, आले," मी काचेला म्हणाले,
आणि उठले नाही.