पंख्याचं बटन

होटगीच्या फाटकात
मालगाडी काही संपेना.
सिमेंटचा डबा, सिमेंटचा डबा, पुन्हा सिमेंटचा डबा,
आणि माझ्या जुन्या झेनचा काटा
चोरपावलांनी लाल रेघेकडे.

बॉनेटखालून पंख्याची घरघर यायला हवी होती.
आली नाही.
एप्रिल. बेचाळीस की त्रेचाळीस, कोण मोजतं.
काचा खाली केल्या, हीटर पुरता सोडला,
इंजिनाचा ताप आपल्या अंगावर घेतला
आणि ओढणीने मान पुसत बसले.
शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला,
मॅडम, ह्या उन्हात हीटर?
होय की, म्हटलं.

तशी मला सवय आहे.
दोन वर्षं झाली, माझाही काटा असाच
विचारल्याशिवाय चढतो:
ऑफिसात ताळेबंद मांडताना, दुधाच्या रांगेत,
पहाटे तीनला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात होतंच, जाईल.
कधी, ते नाही म्हणाल्या.

मल्लेशम बल्ला, ऑटो इलेक्ट्रिशियन.
अशोक चौकातून आत, तिसरी गल्ली.
भिंतीपलीकडे यंत्रमागांची खटखट इतकी
की तो आता गिऱ्हाइकाचे ओठ बघूनच ऐकतो.
सेन्सरची पिन उपसली,
तारेच्या तुकड्याने दोन टोकं जोडली.
पंखा गरगर फिरला.
"पंखा बरोबर आहे अक्का. रिलेबी बरोबर.
सेन्सरचं मन लागंना."

"नवा टाकू?"
"टाका की, मिळाल्यावर. पण तोबी एक दिवस फाटकातच मरणार.
हाताचं बटन बसवा."
आणि पक्कड माझ्या हातात दिली.
"काय बघलालाव? रात्री अक्कलकोट रोडला
मी थोडाच येणारे."

सेन्सरची वायर तोडायची नाही,
हे त्याने दोनदा सांगितलं.
तिच्या शेजारून दुसरी वाट काढायची,
रिलेपासून बटनापर्यंत, बटनापासून बॉडीला अर्थ.
"त्याला जमलं तर तो करंल.
नाही जमलं तर तुम्ही."

दाताने वायर सोलायला गेले, ओरडा खाल्ला.
क्लचच्या केबलशेजारच्या रबरी बुचातून
पिवळी वायर आत घेताना
नख मोडलं, कोपर काळं झालं,
आणि नेमका तेव्हाच माझा काटा चढला.
कानापासून गळ्यापर्यंत भट्टी.
मल्लेशमने काही विचारलं नाही.
टेबलफॅनचं तोंड फक्त माझ्याकडे फिरवलं.
त्याची बायको पन्नाशीतली असावी.

डॅशबोर्डमागे वायरी आवळायला
चादरीच्या काठाचं लाल सूत दिलं.
बटन कुठल्याशा जुन्या ट्रॅक्टरचं,
टक् असा भरवशाचा आवाज.
वर एक इवलासा हिरवा दिवा,
पंख्याकडे जाणाऱ्या वायरीवरून घेतलेला.
"पंखा कुणीबी लावू दे, त्यानं का तुम्ही,
ह्यो पेटणार.
नाहीतर चालू ठेवून विसरताव
आणि सकाळी बॅटरी खल्लास."

पैसे किती, तर फक्त बटनाचे घेतले.

परवा पुन्हा तेच फाटक.
काटा अर्ध्यावर गेला, मी हात पुढे केला,
बोट टेकायच्या आत
दिवा लागला.
बटन बंदच होतं.
आठवलं वाटतं त्याला, सहा महिन्यांनी.
मी तरीही दाबलं, टक्.
काही फरक पडला नाही.
पडायचा नव्हताच.

पहाटे तीनला मात्र
अंधारात भिंत चाचपत
रेग्युलेटर पाचवर नेला.
हे झोपेतच कुडकुडले,
दोन्ही चादरी ओढून घेतल्या.
घ्या म्हटलं.