दोन रकाने

सातवीच्या पुस्तकात एका पानावर दोन रकाने आहेत :
मंद हालचाली, शीघ्र हालचाली.
मधली रेघ पट्टीनं मारलेली.

पान मिटलं आणि पोरांना घेऊन गेलो
बिराजदारांच्या शेतात, विहिरीवर.
खोलीकरण चाललंय. क्रेन, सुरुंगाच्या तारा,
आणि काठावर विडी धरून यल्लाप्पा देवकर,
पन्नास वर्षं जमिनीत उतरलेला,
शाळेची पायरी एकदाही न चढलेला.

‘मी वरनं वाचतो,’ म्हणाला. ‘तुमी लिवा, मास्तर.’

दोन परस काळी.
मग मुरूम.
मग मांजऱ्या, कुदळीनं शिळ्या भाकरीसारखा तुटणारा.
मग पाषाण. सुरुंगाशिवाय बोलत नाही.
आणि पाषाणाखाली हातभर तांबडा पट्टा,
भिंतीला गेरू फासून कुणी निघून गेल्यासारखा.

पोरांना म्हटलं, खालचा दगड रस होऊन आला,
पसरला, थिजला.
त्यानंतर कुणी घाई केली नाही.
ऊन, पाऊस, ऊन. दगडाची माती होत राहिली.
तिच्यावर काही उगवलं असेल, वाळलं असेल,
नाव ठेवायला कुणी नव्हतं.
मग पुन्हा रस आला
आणि ती सगळी सवड
विटेसारखी भाजून निघाली.

शिफानं वही गुडघ्यावर धरली होती. पेन थांबलं.
‘सर, हा पट्टा कोणत्या रकान्यात?’

मी उत्तर जुळवतोय तोवर सुमेध :
‘आणि आमचं दार? पावसाळ्यात काळी फुगते, दार बसत नाही.
उन्हाळ्यात भेग पडते. माझा चेंडू गेला तिच्यात.’
पोरं हसली.
यल्लाप्पानं विडी दगडावर विझवली.
‘चेंडू गेला व्हय,’ म्हणाला.
‘त्या राती मी इहिरीवरच झोपलो होतो.
पानी उडून अंगावर आलं. उठून बगतो तर
गाव न्हाई. नुसता धुरळा, अन् कुत्री.’

पोरांना तो धुरळा माहीत नाही.
ती नव्या गावात जन्मली, सरळ गल्ल्यांत,
घरांवर नंबर असलेल्या.
मी सात वर्षांचा होतो, जुन्या पांढरीत.
दोन हात रुंद दगडी भिंती, वर मातीचं माळवद,
उन्हाळ्यात घर माठासारखं गार.
मोजणारे म्हणाले, काही सेकंद.
तो आकडा मी फळ्यावर लिहितो,
चाचणीत एका गुणाला विचारतोसुद्धा.

पण माझी आई त्या पहाटेपासून
छताखाली झोपलेली नाही.
अंगणात खाट. पावसात पत्र्याच्या पडवीत,
उंबऱ्याकडे पाय करून, चपला हाताशी.
नवं घर सिमेंटचं आहे, सांगून झालं.
इंजिनिअर येऊन सांगून गेला.
ती म्हणाली, ‘तुमचं खरं असंल.’
हे कुठे लिहू?
शीघ्रमध्ये जागा पुरत नाही.

परतताना शिफाच्या हातात तांबड्या पट्ट्याचा खडा होता.
तळहातावर तिनं एक रेघ ओढली
आणि ती कशाची हे सांगितलं नाही.
वह्या मी तपासल्या. निम्म्यांनी मधली रेघ खोडली होती.
कुणाचाच गुण कापला नाही.

घरी आलो. आई शेंगा फोडत बसली होती.
पडवीतल्या शहाबादी फरशीवर
खाटेच्या पायांचे जुने चार डाग.
खाट त्यांच्यावर नव्हती.
आतल्या बाजूला, दाराकडे,
वीतभर असेल, सरकलेली.

मोजलं नाही.
मोजताना दिसलो असतो
तर तिनं ती परत ओढून घेतली असती.